दुर्मीळ ग्रंथ आणि दप्तरं लोकांसाठी खुली करताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या ग्रंथालयानं पोथ्या, जुनी छापील पुस्तकं, मोडी कागद लोकांसाठी खुले करायचे ठरवलं की पहिली खरेदी होते ती स्कॅनरची. वर्षभरात हजारो प्रतिमा तयार होतात आणि मग लक्षात येतं की कोणता कागद कोणत्या रुमालातला हेच कुणाला सांगता येत नाही. बहुतेक चुका या उलट्या क्रमातून निघतात. खरा क्रम असा: आधी नोंद, मग छायाचित्र, आणि सगळ्यात शेवटी संकेतस्थळ.

नोंदीशिवाय कॅमेरा

कागद कॅमेऱ्याखाली जाण्याआधी दाखलांक, रुमाल किंवा बासनाचा (कागद बांधून ठेवायच्या कापडाचा) क्रमांक, पत्रसंख्या (पत्र म्हणजे पोथीचं सुटं पान), लिपी आणि कागदाची अवस्था एवढं तरी लिहिलेलं हवं. क्रमांक मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूच्या कोपऱ्यात घालावा. बॉलपेन, रबरी शिक्का, चिकटपट्टी यांतलं काहीही मूळ कागदाला लावू नये. संगणकातल्या फाइलला हाच क्रमांक द्यावा. ‘नवीन फोल्डर ३’ असलं नाव सहा महिन्यांनी ठेवणाऱ्यालाही कळत नाही.

पोथीत हमखास घोळ होतो. आपल्याकडच्या पोथ्यांत पत्रांक सहसा पत्राच्या मागच्या बाजूला असतो. पुस्तकाची सवय असलेला माणूस आकडा दिसला की तिथून नवं पान सुरू झालं असं धरतो. त्यामुळे पाचव्या पत्राची मागची बाजू सहाव्याच्या पुढच्या बाजूशी जोडली जाते आणि पोथी शेवटपर्यंत एका बाजूनं सरकते. १२० पत्रांच्या पोथीच्या पाठपोट २४० प्रतिमा, शिवाय वरखालच्या फळ्या. मोजदाद जुळली नाही तर पोथी परत बांधू नये. कोरी पानंही टिपायची. ती गाळली तर वाचणाऱ्याला पान हरवल्यासारखं वाटतं.

तारखांचा घोळ

सर्वांत जास्त चुका इथं होतात आणि त्या सहज पकडल्याही जात नाहीत. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हा नियम अर्धाच खरा आहे. पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८, जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. कोल्हापुरातलंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांचं राज्यारोहण २ एप्रिल १८९४ रोजी झालं. त्या वर्षी पाडवा त्यानंतर आला, म्हणजे तो दिवस शके १८१५ च्या फाल्गुन वद्यातला. १८१५ मध्ये डोळे झाकून ७८ मिळवले तर त्या दिवसाचा कागद १८९३ मध्ये जाऊन बसतो. एप्रिल दिसला म्हणून पाडवा होऊन गेला असं धरायचं नाही, पंचांग काढून बघायचं.

शुहूर सनाच्या (जुन्या मराठी कागदांतल्या अरबी नावाच्या सनाच्या) आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, दक्षिणी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. ही वर्षं मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून दोन आकडे. शुहूर सन बहुधा अरबी शब्दांत असतो. ‘इसन्ने मयातैन व अलफ’ म्हणजे दोन, दोनशे आणि हजार, एकूण १२०२. त्याचं इसवी सन १८०१ च्या मृगापासून १८०२ च्या मृगापर्यंत. महिन्याआधीच्या आकड्याच्या अगोदर ‘छ’ दिसला तर तो चंद्राचा आकडा, मोहरम-रमजानाच्या गणनेतला. त्याला मराठी तिथी समजू नये. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात, त्याचा आकडा लहान असतो आणि नवखा माणूस त्याला पानाचा क्रमांक समजून मोकळा होतो.

नोंदीत दोन रकाने ठेवावेत. एकात कागदावर आहे तशी तारीख, अक्षर न बदलता. दुसऱ्यात आपण काढलेलं इसवी सन, शंका असल्यास तसं लिहून. नुसतं इसवी सन ठेवलं तर ते कुठून आलं हे तपासायची सोय पुढच्या माणसाला राहत नाही.

वाचकाला सापडत नाही

शोधपेटीत ‘नाही’ टाकलं तर ‘नाहीं’ छापलेली पुस्तकं येत नाहीत. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या छपाईत कांहीं, करणें, तेथें असे अनुस्वार सगळीकडे आहेत. शोधताना अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घाचा फरक दुर्लक्षित होईल अशी व्यवस्था सॉफ्टवेअर बसवणाऱ्याकडून आधीच करून घ्यावी. मूळ मजकूर मात्र ‘शुद्ध’ करायचा नाही. जुनी तालिका (ग्रंथांची यादी) श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर ती पडद्यावर मराठी दिसते, शोधात मात्र निरर्थक अक्षरं ठरते. रूपांतर करून घ्या आणि निदान जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ ची अदलाबदल नेहमीची.

गावांची नावंही दोन्ही लिहावीत. संस्थानकाळातल्या कागदात ‘आळते पेटा’ असतो, शोधणारा ‘हातकणंगले तालुका’ टाकतो. करवीर आणि कोल्हापूर यांचंही तेच.

मोडी कागदांसाठी यंत्रवाचनाची वाट बघत बसू नये. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, पण अक्षरांना संकेतांक मिळाले म्हणून यंत्राला धावती मोडी वाचता येत नाही. प्रत्येक कागदाला बाळबोधात (देवनागरीत) दोन ओळींचा गोषवारा द्या: कोणाचं कोणाला, गाव कोणतं, विषय काय (इनाम, वतन, तंटा, वसूल). घराण्याची माहिती किंवा कुणबी नोंद शोधत येणाऱ्या माणसाचं बरंचसं काम तेवढ्यावर होतं. ग्रंथालयाची प्रत ही अभ्यासाची प्रत असते, सरकारी दाखला नव्हे, हे मात्र अर्जावरच छापा, म्हणजे खिडकीवरचे वाद वाचतात.

प्रतिमा

छापील पुस्तकाला ३००, हस्तलिखिताला ४०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), चोवीस बिट रंगीत. ए-४ आकाराचं एक पान ४०० ला टिफमध्ये (प्रतिमा न दाबता ठेवणाऱ्या फाइलप्रकारात) सुमारे ४६ एमबी होतं, हजार पानांचे ४६ जीबी. हा हिशेब न करता हार्ड डिस्क घेतली की मधेच जागा संपते आणि कुणीतरी ‘थोडं कमी करू’ म्हणून जेपेगवर उतरतं. टिफ जपून ठेवायची आणि तिच्यावरून लोकांसाठी हलकी प्रत काढायची. गावातून मोबाइलवर बघणाऱ्याला दोनशे एमबीची पीडीएफ उघडतच नाही, तिचे भाग पाडा. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

सपाट स्कॅनरवर जुनं पुस्तक दाबलं की पाठ फुटते. कॅमेरा वरून लावावा, पुस्तक दोन उशांवर जेमतेम ९० ते १०० अंश उघडावं, दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशात. आपोआप कडा कापणारी सोय बंद ठेवा, ती समासातल्या टिपा खाते. पानाभोवती बोटभर जागा सोडा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. पहिली वीस पानं पूर्ण मोठी करून बघा, मगच पुढे जा. मजकुरावर आडवं बोधचिन्ह उमटवू नका. चोरी त्यानं थांबत नाही, वाचणाऱ्याचे डोळे मात्र दुखतात.

पांढरे हातमोजे फोटोंसाठी. कागदाला धुतलेले, कोरडे हात बरे, कारण मोज्यात स्पर्श कळत नाही आणि ठिसूळ कोपरा तुटतो.

हक्क

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं छापील लेखन २०३६ अखेरपर्यंत हक्कांत आहे. कोल्हापूरचे म्हणून ते आपलेच, ही भावना इथं चालत नाही. पत्रांत याहून मोठी फसगत होते. घराण्यानं पत्रसंग्रह दान दिला तर कागद ग्रंथालयाचा होतो, मजकुराचा हक्क नाही. तो पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा, पत्र ज्याला आलं त्याचा नव्हे. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुराची साठ वर्षं तर तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यावर मोजतात. म्हणून दानपत्र घेतानाच प्रसिद्धीची लेखी परवानगी घ्या आणि कोणत्या पत्रांसाठी वारसांना विचारायचं तेही लिहून ठेवा. हयात माणसांची जात, आजार, परीक्षेचे गुण असलेली रजिस्टरं संकेतस्थळावर टाकू नका.

प्रदर्शन आणि पावसाळा

शाहू जयंती २६ जूनला. आपल्याकडची निम्मी प्रदर्शनं त्या सुमारास लागतात, नेमकी पाऊस धरल्यावर. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवणं हे एसी नसण्यापेक्षा वाईट, कारण सकाळ-संध्याकाळ आर्द्रता वरखाली होते. ओलावा शोषणारं यंत्र रात्रंदिवस चालवा. नव्या प्लायवूडची, ताज्या रंगाची पेटी महिनाभर उघडी वाळवल्याशिवाय वापरू नका, तिच्यातून निघणारी आम्लं कागद पिवळा करतात. प्रकाश ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त नको. खिडकीजवळ तो हजारांत जातो. तीन महिने मांडायचं असेल तर रंगीत नक्कल मांडा, मूळ पान एखादा दिवस. आणि उद्घाटनाची समई, हार, पेढे हे सगळं दुसऱ्या खोलीत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं लॅमिनेशन, दोन्ही परत न निघणारी. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ पुरते.

कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तळमजल्यावर दप्तर ठेवण्याचं समर्थन कुणी करू नये. तरी पुस्तकं भिजलीच तर उन्हात वाळत घालू नका, ती आकसून वाकडी होतात. ओली पानं सोडवायलाही जाऊ नका. ४८ तासांच्या आत कणा खाली करून खोक्यात भरा, मधे मेणकागद घाला आणि उणे २० अंशांच्या शीतगृहात ठेवा. मग सवडीनं थोडी थोडी काढून टिपकागदात वाळवता येतात. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत, त्या वेगळ्या काढून उभ्या वाळवाव्यात. शीतगृहवाल्याशी बोलणी मे महिन्यातच करून ठेवा, जागा किती लागेल ते खोक्यांच्या संख्येत सांगा आणि त्याचा रात्रीचा फोन नंबर पहारेकऱ्याच्या भिंतीवर लावा.