मॅजिक आयटमची किंमत कशी लावायची, म्हणजे नंतर डीएमला त्रास होत नाही

आमचं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे भागाभागांनी चालणारी गोष्ट, दादरला मावसभावाच्या घरी चालतं, दर रविवारी. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, मी. पार्टी (प्लेअरच्या पात्रांची टोळी) चौथ्या लेव्हलला असताना गावातल्या एका दुकानात मी विंग्ड बूट्स (घातले की उडता येतं) ठेवले, खेळाच्या पुस्तकात 'अनकॉमन' (दुर्मिळतेची खालून दुसरी पायरी) लिहिलंय म्हणून किंमत सांगितली ४०० गोल्ड, आणि आमच्या रोगने (चोरट्या पात्राने) घासाघीस करून ते ३५० ला उचलले. पुढच्या रविवारी मी आठवडाभर बसून काढलेली दरी, तुटका पूल, पलीकडे बाण लावून बसलेले गोब्लिन. तो उडाला, वरच्या कड्याला दोर बांधला, आणि दहा मिनिटांत सगळे पार! त्याचं काहीच चुकलं नव्हतं, किंमत मी चुकीची लावली होती. त्यानंतर जे करायला लागलो ते सांगतो.

पहिलं काम, पार्टीचा खिसा बघा. डी अँड डीच्या २०१४ च्या डीएम गाइडमध्ये चॅलेंज (शत्रू किती कठीण त्याचा आकडा) ५ ते १० च्या खजिन्याचा जो टेबल आहे त्याची सरासरी काढली तर नुसती नाणी साधारण ३,८५० गोल्डची येतात, म्हणजे चौघांत वाटली तर माणशी हजाराच्याही आत. तुमच्या टेबलवर प्रत्येकाकडे आत्ता किती आहे आणि पुढच्या तीन सेशनमध्ये किती येईल हे वहीत लिहा. मनापासून हवी असलेली वस्तू घ्यायला एकाला तेवढे दिवस साठवावं लागलं, की ती घेताना त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग पुस्तकातला भाव घ्या, पण फक्त सुरुवात म्हणून. २०१४ च्या पुस्तकात अनकॉमन १०१ ते ५००, रेअर ५०१ ते ५,०००, व्हेरी रेअर ५,००१ ते ५०,०००, म्हणजे एकाच खान्यात पाच ते दहापट फरक. २०२४ च्या पुस्तकात सरळ एकेक आकडा दिलाय, ४००, ४,०००, ४०,०००, आणि एकदा वापरून संपणाऱ्या वस्तूला निम्मा (स्पेल स्क्रोल, म्हणजे मंत्राची गुंडाळी, सोडून). तरी मूळ घोळ राहतोच, कारण रेअरिटी आणि उपयोग यांचं जमत नाही. तासभर उडवणारं पोशन व्हेरी रेअर, आणि चार तास उडवणारे नि पुन्हा चार्ज होणारे बूट अनकॉमन. मॅजिक नसलेलं साधं प्लेट आर्मर १,५०० ला, आणि हे बूट त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत!

म्हणून खरी स्टेप ही तिसरी, इथे वेळ घाला. वस्तू हातात घ्या आणि विचारा, ही माझ्या गोष्टीतली कुठली अडचण कायमची संपवते? प्लस वन तलवारीने काहीच संपत नाही, वीस बाजूंच्या फाशावर एक वाढतो म्हणजे पाच टक्के, लढाई लढावी लागतेच. पण उडणं, अदृश्य होणं, टेलिपोर्ट, मनातलं वाचणं, यांनी अख्खा सीन गायब होतो, दरी गायब, भिंत गायब, खुनाचा तपास गायब. अशांना मी वरच्या खान्याचा भाव लावतो, त्यामुळे बुटांचा हिशोब आता ४,००० पासून सुरू होतो. मग बघा किती वेळा चालतं: कायम चालू, दिवसाला काही चार्ज, की एकदाच. अट्यून करावं (वस्तूशी आधी जादूने जुळवून घ्यावं) लागत असेल तर मी पाव भाग कमी करतो, कारण एका माणसाला अशा तीनच वस्तू बाळगता येतात. नुसत्या प्लसवाल्या हत्यारांसाठी तिसऱ्या आवृत्तीचं गणित मला अजून आवडतं, बोनसचा वर्ग गुणिले २,०००, म्हणजे प्लस वन २,०००, प्लस टू ८,०००, प्लस थ्री १८,०००.

विकताना झवेरी बाजार डोळ्यासमोर आणा. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, आणि दागिना परत द्यायला गेलं की घडणावळ गेली. पार्टीने वस्तू विकली तर मी निम्मे देतो, कुणी वाद घालत नाही. आणि भाव हलू द्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूल मार्केटला झेंडू काय भावाने जातो माहितीये ना, तसं शहराला वेढा पडला की हीलिंग पोशन ५० चं ८० करा, प्लेअरना लगेच कळतं की बाहेर काहीतरी पेटलंय.

अजून एक, दुकानदाराचा विचार करा. पुस्तकात कुशल कारागिराला दिवसाला २ गोल्ड, साध्या हमालाला २ सिल्व्हर (दहा सिल्व्हरचा एक गोल्ड). म्हणजे ५० गोल्डचं पोशन कारागिराची २५ दिवसांची मजुरी, हमालाची २५० दिवसांची. मग खेड्यात ४,००० ची वस्तू मांडून कोण बसेल? ती देवळात असेल, सावकाराकडे गहाण असेल, आणि तिथे सोन्याऐवजी एखादं काम मागता येतं, मला तर तेच जास्त आवडतं.

आणि स्वस्तात वस्तू गेलीच असेल तर चोर पाठवून काढून घेऊ नका, प्लेअरने ती पैसे मोजून घेतलीये. आम्ही टेबलवर सरळ बोललो, बूट त्याच्याकडेच राहिले, फक्त त्यांचे चार तास तो स्वतः कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलने मोजतो, आणि दरी काढताना मी वारा किती आहे ते आधी लिहून ठेवतो.