सगळे म्हणाले, आवाजाला वजन आलं

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. गाणं शिकले महाराजा सयाजीराव विद्यापीठात, गायक मौलाबक्षांच्या १८८६ सालच्या गायनशाळेतून वाढलेल्या विभागात. घरी मराठी, गणपतीत नाट्यपदं. पण बडोद्यात गळ्यावर पोट भरायचं तर गरबा गावा लागतो. अकरा वर्षं गाते आहे. सातव्या वर्षी माझा आवाज बदलू लागला आणि तो बिघडतोय हे मला जवळजवळ वर्षभर कळलं नाही, कारण लोक त्याचंच कौतुक करत होते. यंदा पहिल्यांदा नऊ रात्रींचं काम घेणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे.

मैफलीत गाणं थांबतं, घोटभर पाणी पिता येतं. गरब्यात एका चालीतून दुसरी निघते आणि तासन्‌तास खंड पडत नाही. शिवाय पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज धरून गायचं तो, बहुधा मुख्य गायकाच्या सोयीची. माझी काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी), पण आमच्या संचात सगळं त्याहून उंच, काळी एकमध्ये चालायचं. त्या पट्टीतला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावला की स्वरतंतू सेकंदाला साधारण ५५४ वेळा एकमेकांवर आपटतात, म्हणजे मिनिटाला ३३ हजारांवर. मैदान मातीचं, हजारो पावलांनी उठलेली धूळ, शेजारी ढोल. स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की गळा नकळत जोर लावतो. म्हणून आपला मॉनिटर, म्हणजे आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर, कुठे आणि त्याचा आवाज किती मोठा, हे पहिल्याच साउंड चेकला ठरवून घ्या. नवी मुलगी भिडेपोटी बोलत नाही. मीही बोलले नव्हते.

माझ्या गळ्यातून पहिल्यांदा गेले ते हळू स्वर. मोठ्याने गाताना तार षड्ज लख्ख लागायचा, पण सकाळी स्वयंपाकघरात तोच गुणगुणायला गेले की स्वराच्या जागी नुसती हवा. तंतूंची कड सुजली की ते कमी दाबाने नीट मिटत नाहीत, जोर लावला की मिटतात. त्यामुळे मंचावर काहीच जाणवायचं नाही. उलट खालचे स्वर रुंद, खरखरीत झाले होते आणि ‘आवाजाला काय वजन आलंय!’ असं जाणकारही म्हणू लागले. दरबारगायक फैय्याज खाँसाहेबांच्या गावात भारदस्त आवाजाची ओढ जुनी आहे. मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं की सकाळची ती हवा मी मनावर घेतलीच नाही.

त्या वर्षी सहाव्या रात्री आवाज बसला. कुणीतरी एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गळा न तपासता स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत गळा मोकळा झाला आणि मी उरलेल्या रात्री गायले. औषधाने सूज उतरली, पण इजा जागच्या जागी होती आणि तिच्यावरच मी आणखी गायले. पुढच्या वर्षी नवरात्रीआधी अमेरिकेचा दौरा होता: दर शनिवार-रविवारी नवं गाव, मध्ये विमानातली कोरडी हवा. तिसऱ्या गावात एका स्वराऐवजी दोन स्वर एकदम उमटले. गाणं तिथेच थांबवलं.

परत आल्यावर दुर्बिणीने तपासणी झाली. स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर सावकाश दिसते. दोन्ही तंतूंवर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे, समोरासमोर दोन गाठी. कुदळ धरून तळहाताला घट्टे पडतात, तशाच. मी शस्त्रक्रियेच्या भीतीने गेले होते, पण अशा गाठींना आधी स्वरोपचारच, म्हणजे आवाजाचे व्यायाम आणि विश्रांती, देतात. मात्र गाता गाता एकाएकी आवाज फाटला किंवा गेला, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. तंतूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तेव्हा एक ओळही पुढे गायची नाही, लगेच कानघशाच्या डॉक्टरांकडे जायचं. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी असा रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दौऱ्यावर वेदनाशामकं विचारल्याशिवाय घेऊ नका.

उपचारात काही दिवस मौन, मग पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून ‘ऊ’ धरायचा. तोंडापुढे अडथळा आला की तंतू हळुवार मिटायला शिकतात. पुष्कळदा रडू यायचं. मला गाणं शिकवणाऱ्या बाईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, खर्ज भरताना, खालचे स्वर घोटताना, तू कुठे ओरडतेस? तसंच वर जा ना.’ तीन महिन्यांनी सकाळचा हळू तार षड्ज परत आला, आधी एखादा क्षण, मग अख्ख्या श्वासभर.

बोलणंही गाण्याइतकंच गळा खातं. रात्री एकला गाणं संपल्यावर गाडीत आरडाओरडा, मग दोन वाजता तिखट तर्रीची सेव उसळ आणि लगेच झोप, हा आमचा रोजचा क्रम होता. आम्ल झोपेत वर येऊन तंतूंना सुजवतं. ती सेव उसळ आता मी दुपारी खाते. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं काहीच तंतूंपर्यंत पोचत नाही, ते अन्ननलिकेत जातं. पाणीही सकाळपासून प्यायला हवं. ऐन मंचावर प्यायलेल्या घोटाने फक्त तोंड ओलं होतं. वाफ मात्र थेट पोचते. आवाज बसला म्हणून कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. खाकरणं सोडणं मला सर्वांत जड गेलं.

करारात आता दोन गोष्टी लिहून घेते: सोबत दुसरी गायिका, आणि माझे गरबे माझ्या पट्टीत. यामुळे दोन कामं हातची गेली.

आणि आवाज उत्तम असताना, मोसमाच्या आधी, एकदा तंतूंची तपासणी करून चित्रफीत जपून ठेवा. माझ्याकडे असलेली पहिलीच चित्रफीत गाठींची आहे. त्याआधी तंतू कसे होते, हे ताडून पाहायला डॉक्टरांकडे काहीच नव्हतं.