कोरलड्रॉमध्ये पहिलं पोस्टर: लागतात ती टूल्स आणि मराठी शीर्षकाची डोकेदुखी

कोरलड्रॉ या ग्राफिक डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा टूलबॉक्स बघून घाबरू नका. व्याख्यानाचं किंवा गणेशोत्सवाचं पोस्टर पिक (वस्तू निवडायचं टूल), शेप (एफ१०), रेक्टँगल (एफ६), टेक्स्ट (एफ८) आणि पॉवरक्लिप (फोटो एखाद्या आकारात बसवायची सोय) एवढ्यावर निघतं.

आधी पान. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी. पार्श्वभूमीचा चौकोन मात्र ३०३ × ४२६ घ्या आणि पी दाबून पानाच्या मधोमध आणा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा कड, मिळतं. ते नसेल तर कटिंग जरा सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते.

रंगपट्टीवर डावं क्लिक केलं की आतला रंग बदलतो, उजवं केलं की आउटलाइनचा. अनेक वस्तू शिफ्ट धरून निवडल्यात, तर शेवटी निवडलेली जागची हलत नाही, बाकीच्या तिच्याशी जुळतात. वस्तू मधोमध, डावीकडे किंवा उजवीकडे जुळवणाऱ्या सी, ई, एल, आर या कळा चालत नाहीत अशी तक्रार बहुतेक इथेच उगवते.

खरी कसोटी शीर्षकाची. अक्षरांतलं अंतर वाढवलंत की शिरोरेषा तुटते, म्हणून मोठं हवं असेल तर फाँटचा आकार वाढवा. थेट जाड आउटलाइन दिली तर ती अक्षराच्या आतही शिरते, शिवाय अक्षरांच्या जोडांवर रेघा उमटतात. त्यापेक्षा नंबर पॅडवरच्या + ने जागच्या जागी प्रत काढा आणि कंट्रोल + पेज डाउनने एक पायरी मागे न्या. शिफ्ट + पेज डाउन दाबलंत तर ती थेट पार्श्वभूमीमागे गडप होते! मागच्या प्रतीला एफ१२मधून जाड आउटलाइन द्या, कोपरे गोल ठेवा. टोकदार ठेवले तर वेलांटी-मात्रांना काटे फुटतात.

छोटा काळा मजकूर फक्त के १०० मध्ये, म्हणजे निव्वळ काळ्या शाईत, ठेवा. चारही शाया मिसळलेला काळा छपाईत किंचित सरकला तरी अक्षरं धूसर दिसतात. फोटो ए३भर पसरायचा असेल, तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला सहसा पुरत नाही.

श्रीलिपीसारखे जुने फाँट प्रेसच्या संगणकावर नसले, की मजकुराची अगम्य चिन्हं होतात. म्हणून प्रूफ वाचून झाल्यावर कंट्रोल + क्यूने अक्षरांचे कर्व्ह (फाँटची गरज नसलेले आकार) करा, पण वेगळ्या नावाने सेव्ह केलेल्या फाइलमध्ये. आवृत्ती प्रेसला विचारूनच ठेवा, नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या कोरलड्रॉत उघडत नाही. मूळ फाइल हाताशी ठेवा. कर्व्ह झालेल्या ‘आमंत्रण’मधला चुकलेला र टाइप करून सुधारता येत नाही.