जठराच्या कॅन्सरचा मार्कर रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की घरातलं कुणीतरी त्यातला एकेक शब्द मोबाइलवर शोधायला बसतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘हर-टू’चा, म्हणजे काही गाठींच्या पेशींवर जास्त प्रमाणात असणाऱ्या एका प्रथिनाचा. तपासणीत त्याला ० ते ३+ असे गुण देतात: ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ हे अर्धं पॉझिटिव्ह नव्हे, तो अनिर्णित निकाल. फिशसारखी जनुकाची चाचणी झाल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ती पाठवली का, एवढं नक्की विचारा. शिवाय जठराच्या गाठीत हे प्रथिन सगळीकडे सारखं नसतं, एका कोपऱ्यात ३+ आणि शेजारी शून्य असंही दिसतं. त्यामुळे एंडोस्कोपीत एक-दोनच तुकडे घेतले असतील तर ‘निगेटिव्ह’वर डोळे झाकून विसंबू नका, सहा-आठ तुकडे हवेत. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त राहिला तरी निकाल फसवा येऊ शकतो.

३+ बघून ‘आता किती दिवस?’ असं विचारणंही चूकच. आयुष्याचा अंदाज मुख्यतः स्टेजवरून येतो. हर-टू सांगतं ते ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवर काम करणारं औषध उपयोगी पडेल का एवढंच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा या औषध-चाचणीत हर-टू पॉझिटिव्ह, आजार पसरलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य नुसत्या केमोवर ११.१ महिने होतं, हे औषध जोडल्यावर १३.८. मध्यक म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, हे कुणी सांगत नाही.

‘एमएलएच१, पीएमएस२: लॉस’, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही दोन प्रथिनं गाठीत नाहीत, एवढं वाचून रडारड झालेली असते. खरं तर शस्त्रक्रिया होण्याजोग्या टप्प्यात अशा गाठींचा निकाल सरासरीने बराच बरा लागतो, आणि इम्युनोथेरपीला त्या चांगला प्रतिसाद देतात. त्यांच्याच जातीचं एमएसएच२ गेलं असेल तर मात्र आजार आनुवंशिक आहे का, हे तपासायला हवं.

पीडी-एल१ या, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या प्रथिनाचा सीपीएस हा गुणांक टक्क्यांत वाचू नका. त्यात गाठीच्या पेशींबरोबर आजूबाजूच्या प्रतिकारपेशीही मोजतात.

रक्तातल्या सीईए आणि सीए १९-९ या कॅन्सर-मार्करांच्या आकड्यांवर तर निदानाचा डोलारा मुळीच उभारू नये. सीईए धूम्रपानानेही वाढतं, सीए १९-९ पित्तमार्ग तुंबून कावीळ झाली तरी. आणि काही लोकांच्या शरीरात जन्मतःच सीए १९-९ बनत नाही. त्यांचा ‘नॉर्मल’ आकडा काहीच सांगत नाही.