पाणी पिणारी गाडी

"गाडी पाणी पितेय," म्हणजे रेडिएटरमधलं पाणी सारखं कमी होतंय, असं म्हणत ड्रायव्हर आला की गॅरेजमधला नवा पोरगा आधी गाडीखाली वाकतो. मीही वाकायचो. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही, हे डोक्यात शिरायला मला सहा महिने लागले. पंख्याच्या वाऱ्याने कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मागे ढकललं जातं, ब्लॉकवरून ओघळतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून बघायचं ते वरून खाली. आणि शोधायच्या आधी इंजिन धुऊ नका. होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपपाशी किंवा रेडिएटरच्या जोडावर वाळलेली पांढरट-हिरवी पापुद्री हाच तुमचा साक्षीदार, आणि आपण पहिल्यांदा त्यालाच पाण्याने उडवतो.

वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. त्यात एम-सील भरून "गळती बंद केली" म्हणणारा पोरगा मी पाहिलाय. तो पोरगा कोण, ते विचारू नका.

काही गाड्या फक्त थंड असताना गळतात. गरम झाल्यावर रबर फुगून क्लिपखाली घट्ट बसतं, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच शोधत असता. अशी गाडी रात्री उभी ठेवा, सकाळी स्टार्टर मारायच्या आधी टॉर्च घेऊन बघा. रेडिएटरमध्ये दाब भरून गळती दाखवणारा प्रेशर टेस्टरही थंड इंजिनवरच लावायचा. कॅपवर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच भरायचं आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. गरम इंजिनाची कॅप का उघडू नये, ते माझ्या उजव्या हातावर अजून दिसतं.

काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, म्हणजे पाणी आत जातंय. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर असेल, तर हेड पॅकिंग (ब्लॉक आणि हेडमधली गास्केट), लायनरच्या (पिस्टनभोवतीच्या नळकांड्याच्या) रिंगा किंवा ऑइल कूलर बघायचे. एवढं मला येत होतं, आणि त्यातच मी फसलो.

एक दहाचाकी ट्रक होती, खंबाटकी घाट चढताना पाणी बाहेर फेकायची. कॅप काढून चालू केली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. मी छातीठोकपणे "हेड पॅकिंग गेलं" सांगितलं, मालकाने फोनवर होही म्हटलं. वस्ताद म्हणाले, "हेडला हात लावायच्या आधी हवेच्या टाकीचं ड्रेन ओढ." ओढलं. तळहातावर हिरवं, तेलकट पाणी आलं.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, आणि ती हवा दाबून टाकीत भरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्याच पाण्यावर थंड होतं. त्याचं पॅकिंग जळालं की दाबलेली हवा पाण्यात घुसते आणि पाणी हवेच्या लाइनीत. खात्री करायलाही सोपं. गाडी चालू ठेवली, हवेच्या दाबाचा काटा आठ किलोपर्यंत चढला, हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरने फुस्स करून जादा हवा सोडली आणि बुडबुडे थांबले. कारण तेव्हा कॉम्प्रेसर हवा दाबतच नव्हता. इंजिनाचं हेड पॅकिंग गेलेलं असतं तर ते थांबले नसते.

काम अर्ध्या दिवसाचं निघालं. दोन्ही तोंडं घासून साफ केली, पट्टी लावून बाक तपासला, नवं पॅकिंग टाकून बोल्ट तिरप्या क्रमाने टॉर्कला कसले. ड्रायरचं फिल्टर बदललं आणि सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या. ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये कूलंट राहून चालत नाही. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं, बोअरचं पाणी अजिबात नाही, त्याने क्षार धरतो. हीटर चालू ठेवून हवा काढली, गार झाल्यावर लेव्हल पुन्हा बघितली. अर्धा लिटर अजून बसलं.

हेड उचलायचं नाही, हे मालकाला फोन करून सांगायचं काम मात्र वस्तादांनी माझ्याच गळ्यात टाकलं.