ब्रॉडी हेल्मेट घेताना चुंबक कुठे लावायचा

थाळीसारखं ब्रिटिश लोखंडी हेल्मेट हाती आलं की विकणारा बेधडक सांगतो, 'पहिल्या महायुद्धातलं आहे, साहेब.' मुंबईच्या चोरबाजारात हे मी कितीदा ऐकलंय. जॉन ब्रॉडीच्या पेटंटचं हे हेल्मेट १९१५ मध्ये खंदकांत पोचलं हे खरं. पण जवळजवळ तोच आकार दुसऱ्या महायुद्धात 'मार्क २' म्हणून पुन्हा निघाला, आणि बाजारात येतं ते बहुतेक हेच. रंग आणि गंज पाहून वय ओळखा, असा सल्ला देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. रंग कालचा असू शकतो, गंज मुद्दाम चढवता येतो.

हेल्मेट उजेडात उलटं धरा. दोऱ्याला बांधलेला लहानसा, जोरकस चुंबक खिशात असू द्या.

माझी फसगत झाली ती पुढच्या पायरीवर. ब्रॉडीचा पत्रा हॅडफिल्ड या ब्रिटिश पोलाद कंपनीच्या पोलादाचा, त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज. अशा पोलादाला चुंबक चिकटत नाही. एका दुकानात मी डोक्यावरच्या भागाला चुंबक लावला, तो नुसता घसरला आणि मी आनंदाने पैसे मोजले. घरी आल्यावर कळलं, मार्क २ चा पत्राही मँगनीजचाच असतो! बघायची असते ती काठाची कोर. १९१६ मध्ये काठावर साध्या पोलादाची पट्टी दुमडून बसवायला सुरुवात झाली. तिला चुंबक टक्कन चिकटतो. मार्क २ च्या कोरेला चिकटत नाही. म्हणजे पत्र्यावरून घसरणारा आणि कोरेला धरणारा चुंबक, अशी जोडी जुळली पाहिजे. अगदी सुरुवातीच्या हेल्मेटांना कोरच नव्हती, काठ उघडा असायचा. पत्राही चिकटत असेल आणि काठाजवळ भोकं पाडलेली असतील, तर ते दुसऱ्या महायुद्धातल्या नागरी संरक्षणाचं हलक्या दर्जाचं हेल्मेट समजा.

आतल्या स्क्रूवरून घाईने निकाल देऊ नका. मार्क १ चं, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या कोरवाल्या हेल्मेटचं, अस्तर माथ्याशी रिव्हेटने बसवलेलं, मार्क २ चं स्क्रूने. एवढंच पाठ करून मी एक अस्सल हेल्मेट हातचं घालवलं. १९३० च्या दशकात जुन्या पत्र्यांना नवं अस्तर स्क्रूने बसवून ती पुन्हा वापरात आणली गेली. त्या कोरेला मी चुंबक लावलाच नव्हता, ही हळहळ अजून जात नाही.

मग काठाखालचा ठसा वाचा. 'एचएस' हा हॅडफिल्डचा. 'झेड'ने सुरू होणारा ठसा अमेरिकन एम १९१७ चा. काळ तोच, पण त्याला ब्रिटिश म्हणून पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर पॉलिश पेपर लावायचा नाही. धूळ मऊ ब्रशने झाडा, कातडी पट्ट्याला तेल चोळू नका, जुना पट्टा वाकवून बघू नका. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं तर कातड्याला बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.