रेंजफाइंडरसाठी जुनी वाइड लेन्स घेताना

मामांचा लायका एम२ हा रेंजफाइंडर कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा त्यावर ५० मिमीची एकच लेन्स होती. मिमीचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स वाइड, म्हणजे फोटोत जास्त रुंद दृश्य. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत माणूस आणि त्याच्या मागचं दार, दोन्ही एका फोटोत घ्यायचं तर ५० पुरत नाही. मागे सरायला जागाच नसते. तेव्हापासून मी जुन्या वाइड लेन्स बघत, घेत आणि काही परत करत आले आहे.

सुरुवात लेन्सपासून करू नका, कॅमेऱ्यापासून करा. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या खिडकीतून बघतो, आणि तिथे दिसणाऱ्या दोन प्रतिमा एक करून फोकस करतो. फोटोत किती येईल ते दाखवणारी उजळ रेषांची चौकट त्या खिडकीत असते. ती किती रुंद आहे? लायका एम३ मध्ये ५०पेक्षा वाइड काही नाही, एम२ मध्ये ३५, एम६ मध्ये २८, आणि व्हॉइग्टलँडर बेसा आर४ मध्ये थेट २१. चौकट नसेल तर वर खोचायचा वेगळा व्ह्यूफाइंडर लागतो, आणि त्याची किंमत लेन्सच्या किमतीतच धरायची. शिवाय मग फोकस एका खिडकीत, चौकट दुसऱ्या खिडकीत. रस्त्यावर तेवढ्या वेळात माणूस निघून जातो. म्हणून पहिली वाइड ३५ मिमीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. चष्मा लावत असाल तर एम६ वरची २८ची चौकट कडेपर्यंत दिसते का, ते डोळा लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एम३ साठी ३५च्या काही लेन्सना पुढे चष्म्यासारख्या दोन काचा जोडलेल्या असतात. त्या बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. पण काचा काढून टाकलेला नग घेऊ नका, कारण त्याचा फोकस त्या काचांच्या हिशेबानेच जुळवलेला असतो.

आता जोडणी. ३९ मिमी व्यासाच्या आट्यांच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या, जुन्या लेन्स लायकाच्या एम कॅमेऱ्यावर एक मिलिमीटर जाडीच्या कडीने बसतात. ती कडीसुद्धा बघून घ्यायची. खिडकीत कोणती चौकट उजळायची ते ती ठरवते. ३५साठी ‘३५/१३५’ची कडी लागते. ‘२८/९०’ची लावली तर माझ्या एम२ मध्ये ३५ऐवजी ९०ची चौकट उजळते.

सोव्हिएत ज्युपिटर-१२, म्हणजे ३५ मिमी एफ/२.८, कमी पैशात मिळणारी सुंदर लेन्स. (एफचा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राचा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) पण माझी पहिली ज्युपिटर चुकीची आली. विकणाऱ्याने फक्त पुढून काढलेले फोटो पाठवले होते, आणि पार्सल उघडलं तर ती सोव्हिएत कीव्ह कॅमेऱ्याच्या जोडणीची, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर न बसणारी निघाली. तेव्हापासून मागच्या बाजूचा फोटो मिळाल्याशिवाय मी बोलणी पुढे नेत नाही. या लेन्सची मागची काच घुमटासारखी खूप बाहेर येते. त्यामुळे खोल झाकण सोबत मागा. लायका एम५ किंवा सीएल असेल तर अशी लांब शेपटाची लेन्स लावूच नका. आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरच्या दांडीला ती धडकू शकते. डिजिटल बॉडीवर अशा लेन्सच्या कडा जांभळट होतात, तेही लक्षात ठेवा.

काच तपासायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून उजेड टाका आणि लेन्स हळूहळू तिरकी करत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. आपल्याकडे, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती असणारच असं धरून चालायचं. काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्लं गेलं असेल तर साफ करूनही डाग राहतो. सगळीकडे सारखा धुरकटपणा दिसला तर बहुधा वंगणाची वाफ काचेवर बसलेली असते. लायकाच्या जुन्या सुमारॉन लेन्समध्ये आणि आट्यांच्या कॅनन लेन्समध्ये हे फार आढळतं, पण पुष्कळदा साफ होतं. मिनोल्टाच्या २८ मिमी एम-रोकोरमध्ये मात्र पुढच्या काचेच्या आत पांढरे ठिपके येतात. तिथे टॉर्च हवाच. पुढच्या काचेवरच्या दोन बारीक ओरखड्यांना मी घाबरत नाही. त्यावरून भाव जरूर पाडते.

सगळ्यात जास्त वेळ फोकसला द्या. लांबच्या इमारतीवर, एक किलोमीटर तरी पलीकडच्या, लेन्स अनंतावर टेकवली की खिडकीतल्या दोन प्रतिमा एक व्हायला हव्यात. मग एक मीटरवर वर्तमानपत्र टांगून पूर्ण उघड्या अॅपर्चरवर दोन-तीन फोटो काढा. व्हॉइग्टलँडरच्या आट्यांच्या १५ मिमी एफ/४.५ आणि २५ मिमी एफ/४ या लेन्स रेंजफाइंडरशी जोडलेल्याच नसतात, अंतर अंदाजाने लावायचं. तो दोष मानू नका. वाइड लेन्समध्ये अंदाज पुरतो. २८ मिमी लेन्स एफ/८ वर साधारण ३.३ मीटरला लावून ठेवली, तरी दीड-पावणेदोन मीटरपासून अनंतापर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट येतं.

परतीची मुदत किमान दहा दिवसांची मागा, आणि चाचणीच्या फोटोंचा तो पहिला रोल मुदतीच्या आत धुऊन घ्या.